जुनी जहाजं आणि बुडालेल्यांचे अवशेष: यादीच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी

यादीचं काम आजपासून सुरू. जगातली जुनी जहाजं जी अजून कुठल्या ना कुठल्या रूपात शिल्लक आहेत त्यांची मराठीतून एक खुली यादी करायची, कोणीही उचलून वापरावी अशी. म्युझियम झालेली, गोदीत टेकू लावून उभी केलेली, किनाऱ्यावर चिखलात रुतून कुजत पडलेली आणि समुद्राच्या तळाशी असलेली, सगळी एकाच ठिकाणी. आता "सगळी" म्हणायला काय जातंय, युनेस्कोचाच अंदाज आहे की तळाशी ३० लाखांच्या वर जहाजं पडून असतील, त्यामुळे पहिल्याच दिवशी कुंपण घालून टाकलं: जे सापडलंय आणि ज्याची ओळख पक्की झालीये तेवढंच घ्यायचं. "इथे कुठेतरी सोन्याने भरलेलं जहाज बुडालंय म्हणे" छाप नोंदी एकदम बंद.

कॉलम सध्या असे: नाव, प्रकार, बांधणी कुठे-कधी, बुडालं कधी, सापडलं कधी, आत्ता कुठे, अवस्था, माहिती कुठून मिळाली. पुढे बदलतीलच.

१५ जानेवारी

नावांनी डोकं खाल्लं. फूद्रॉयंट नावाची दोन रेकॉर्ड समोर आली, एक सांगतं १८९७ साली ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं, दुसरं सांगतं १९८०च्या दशकापर्यंत ट्रेनिंग जहाज म्हणून चालू होतं. दोन्ही बरोबर आहेत! पहिलं १७९८ चं, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने एकेकाळी वापरलेलं. ते फुटल्यावर मालकाने नेव्हीचं दुसरं एक जुनं जहाज विकत घेतलं आणि त्याला तेच नाव दिलं. आणि हे दुसरं म्हणजे आपलं ट्रिंकोमाली, १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, आता मूळ नावाने इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे, अजून तरंगणारं सगळ्यात जुनं ब्रिटिश युद्धजहाज. सागवानाचा मुद्दा वेगळा लिहून ठेवला, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे लोखंडी खिळे-बोल्ट खराब होतात, सागाच्या तेलामुळे उलट टिकतात, आणि ट्रिंकोमाली एवढं शाबूत राहण्यात त्याचा हात मोठा आहे.

याच जहाजाची अजून एक गंमत सापडली. त्याचे आराखडे मुंबईला पाठवले होते ते जावा नावाच्या ब्रिटिश जहाजावरून, ते १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने पकडलं आणि मग जाळून टाकलं, आराखडे गेले, नवीन पाठवावे लागले. ते कॉन्स्टिट्यूशन १७९७ चं, बोस्टनला अजून पाण्यावर आहे. म्हणजे आराखडे बुडवणारं पण आपल्या यादीत आणि ज्याचे बुडाले ते पण. अशा जोड्या दाखवायला "संबंधित जहाज" असा कॉलम टाकला.

व्यापारी जहाजांचं त्यामानाने बरं आहे. ब्रिटिश रजिस्टरमधल्या जहाजांना १८५५ पासून अधिकृत नंबर मिळायला लागला, नाव बदलो मालक बदलो नंबर तोच, आणि तो जहाजाच्या मुख्य आडव्या तुळईवर कोरायचा नियम होता, त्यामुळे नुसता सांगाडा उरला आणि ती तुळई सापडली तर काम फत्ते. सिटी ऑफ अ‍ॅडलेड हे १८६४ चं क्लिपर (वेगवान शिडाचं जहाज) १९२३ पासून कॅरिक नावाने वावरलं, मग पुन्हा मूळ नावावर आलं. परदेशात विकलं की मात्र नंबरची साखळी तुटते आणि युद्धजहाजांना हा नंबर नाहीच. म्हणून आमचा स्वतःचा एक क्रमांक प्रत्येक जहाजाला द्यायचा आणि नावं वेगळ्या शीटमध्ये, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, असं ठरलं.

२४ जानेवारी

अक्षांश-रेखांश दिसले की माणसाला लगेच नकाशावर टिंब टाकावंसं वाटतं. टाकू नये. आधी विचारावं की हे रेखांश कुठून मोजलेत. फ्रेंच लोक १९११ पर्यंत अधिकृतपणे पॅरिसपासून मोजायचे, ग्रीनिच आणि पॅरिसमध्ये २ अंश २० मिनिटांचा फरक, विषुववृत्तावर तो जवळपास २६० किलोमीटर होतो. डच लोकांचे जुने चार्ट टेनेरीफपासून, स्पॅनिश कादिझपासून. त्यात अलीकडचे पण सगळे जीपीएसवाले नसतात, जुन्या युरोपियन पद्धतीच्या चार्टवरून उचललेला आकडा जसाच्या तसा टाकला की टिंब शंभर मीटरपेक्षा जास्त सरकतं, आणि शंभर मीटर म्हणजे एक अख्खं जहाज आलं त्यात.

आणि मुळात ज्याने लिहिलं त्याला तरी कुठे माहीत होतं. टायटॅनिकने मदतीच्या संदेशात जी जागा सांगितली ती प्रत्यक्ष अवशेषांपासून साधारण १३ सागरी मैल लांब निघाली, वेग आणि दिशेच्या अंदाजावरून काढलेली ती. १ सप्टेंबर १९८५ ला सापडलं ते जहाज शोधून नाही तर कचरा शोधून, बॅलार्ड आणि मिशेलच्या टीमने तळाजवळून कॅमेरा ओढत नेला, आधी तुकडे दिसले, मग बॉयलर, मग जहाज. बुडताना जहाजातून पडलेलं सामान प्रवाहाबरोबर लांब पसरतं, त्यामुळे शोधायचं लक्ष्य मोठं होतं, हे बॅलार्ड बुडालेल्या अणुपाणबुड्यांच्या कामावरून शिकला होता.

याउलट एन्ड्युरन्स, शॅकलटनच्या अंटार्क्टिक मोहिमेचं जहाज. बर्फात चिरडून २१ नोव्हेंबर १९१५ ला बुडालं, कॅप्टन वर्स्ली बर्फावर तंबूत, हातात सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजून जागा काढायचं यंत्र), सूर्य दिसेल तेव्हा दिसेल, घड्याळं किती चुकतायत ते तपासायची सोय धड नाही. ५ मार्च २०२२ ला ३००८ मीटर खोलीवर सापडलं तेव्हा त्याने लिहिलेल्या जागेपासून फक्त चारेक मैल दक्षिणेला! माझ्या मते या संपूर्ण यादीतली सगळ्यात भारी नोंद त्या माणसाच्या वहीतली आहे.

निर्णय: "अचूकता" हा कॉलम सक्तीचा. ती रिकामी असेल तर जागा भरताच येणार नाही अशी सोय शीटमध्ये केली. खोलीचं पण तसंच, जुन्या चार्टवर वाव असते, १ वाव म्हणजे १.८३ मीटर, मूळ आकडा ठेवायचा आणि शेजारी मीटर.

२७ जानेवारी

तारखा. स्वीडनचं युद्धजहाज व्हासा १० ऑगस्ट १६२८ ला बुडालं असं सगळीकडे आहे पण स्वीडनमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, आजच्या हिशोबाने २० ऑगस्ट. बटाव्हिया हे डच व्यापारी जहाज १६२९ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाजवळ फुटलं, ती तारीख डचांच्या नव्या कॅलेंडरची. बदलायचं काही नाही, जशी लिहिलीय तशी ठेवायची, फक्त कुठलं कॅलेंडर ते शेजारी लिहायचं. विषय संपला.

६ फेब्रुवारी

"अवस्था" कॉलमचा आज पार चुथडा झाला. मी तीन पर्याय ठेवले होते, जतन केलेलं, अवशेष, नष्ट. पहिल्या दहा-बारा नोंदींतच लक्षात आलं की निम्मी जहाजं या तिन्हीत बसत नाहीत, आणि "जतन केलेलं" हे तर एकदा करून संपणारं कामच नाही.

व्हासाच घ्या. स्टॉकहोमच्या बंदरात ३२ मीटरवर ३३३ वर्षं पडून होतं, शाबूत राहिलं कारण बाल्टिकचं पाणी कमी खारट आणि त्यात लाकूड पोखरणारा टेरेडो किडा जगत नाही. १९५६ मध्ये अँडर्स फ्रान्झेनने शोधलं, दोरीला लावलेल्या पोकळ टोच्याने तळातून लाकडाचा नमुना वर आणला तर काळा ओक निघाला. २४ एप्रिल १९६१ ला वर काढलं. लाकूड तसंच वाळू दिलं असतं तर पेशींमधलं पाणी उडून आक्रसलं असतं, तडे गेले असते, म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल म्हणजे पीईजी फवारत बसले, १९६२ पासून १७ वर्षं! मग हळूहळू वाळवणं, १९९० ला म्युझियम. इथपर्यंत वाटतं की झालं बुवा. तर २००० च्या पावसाळी उन्हाळ्यात लाकडावर पांढरे-पिवळे डाग उमटले. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलेलं, त्याला गंजक्या बोल्टांचं लोखंड मिळालं, हवेत आल्यावर सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होऊ लागलं. पुढे ५००० च्या वर बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे घातले.

मेरी रोझ, १५४५ ला बुडालेलं इंग्लंडचं युद्धजहाज, ११ ऑक्टोबर १९८२ ला वर काढलं, आधी बारा वर्षं गार पाण्याचा फवारा, मग १९९४ पासून २०१३ पर्यंत पीईजी, मग वाळवणं.

लोखंडाची तऱ्हा निराळी. एसएस ग्रेट ब्रिटन १८४३ चं, १९३७ मध्ये फॉकलंड बेटांवर एका खाडीत भोकं पाडून टेकवून ठेवलेलं, १९७० साली मोठ्या तराफ्यावर चढवून ब्रिस्टलला आणलं, ज्या गोदीत बांधलं त्याच गोदीत. पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड लोखंडात बसलेलं, हवेतली ओल मिळाली की गंज चालूच. उपाय काय केला तर जहाजाच्या पाणरेषेवर काचेचं छत टाकलं आणि खालची हवा कोरडी ठेवायची यंत्रं बसवली, आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. यंत्रं बंद पडली की गंज पुन्हा सुरू. आता याला "जतन केलेलं" म्हणायचं की "जतन चालू आहे" म्हणायचं? मी दुसरं लिहिलं.

आणि रेड बे! कॅनडात लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर १९७८ साली सापडलेलं सोळाव्या शतकातलं बास्क लोकांचं व्हेल शिकारीचं जहाज. पार्क्स कॅनडाच्या लोकांनी पाण्याखालीच ते फळीन् फळी सुटं केलं, ३००० च्या वर लाकडं वर आणून मोजली, चित्रं काढली, आणि मग परत तळाशी नेऊन वाळूत पुरून वर झाकण घातलं. पीईजी नाही, हॉल नाही, तिकीट नाही. गार पाणी, ऑक्सिजन नाही, लाकूड तिथेच सुखरूप. युनेस्कोच्या २००१ च्या कराराचं म्हणणं पण हेच की पहिला विचार जागच्या जागी ठेवण्याचा करा. मला स्वतःला हे व्हासापेक्षा शहाणपणाचं काम वाटतं, दिसायला मात्र काहीच नाही, त्यामुळे कौतुक कमी.

तर तीन पर्याय उडवले. आता अवस्था दोन भागात: जहाज कुठल्या रूपात आहे (अखंड, सुटं, सांगाडा, विखुरलेलं, पुन्हा पुरलेलं) आणि त्याला कशाने टिकवून धरलंय (फवारा, कोरडी हवा, टेकू, गाळ, गार पाणी, काहीच नाही). दुसऱ्या भागात "काहीच नाही" किती येतंय बघून वाईट वाटतं.

१९ फेब्रुवारी

झेलम. नाव आपल्याकडच्या नदीचं, जहाज १८४९ साली लिव्हरपूलला बांधलेलं, १८७० पासून फॉकलंडच्या स्टॅन्ली बंदरात सोडून दिलेलं. मी ज्या माहितीवरून नोंद भरत होतो तिच्यात लिहिलंय "लाकडी सांगाडा चांगल्या स्थितीत". ती माहिती जुनी. २०१३ मध्ये त्याचा मोठा भाग कोसळलाय. नशीब की १९८०च्या दशकाअखेरीला लिव्हरपूलच्या म्युझियमच्या लोकांनी तिथे जाऊन तपशीलवार मोजमापं घेऊन ठेवली होती, म्हणजे जहाज गेलं तरी कागद उरला.

मग मुद्दाम शोधायला बसलो की कागदावर असलेली पण प्रत्यक्षात नसलेली अजून कोणती, आणि जावा समुद्रापाशी येऊन थांबलो. फेब्रुवारी १९४२ च्या लढाईत बुडालेली डच युद्धजहाजं, डे रॉयटर आणि जावा, २००२ साली पाणबुड्यांना सापडली, जागा नोंदली गेली, शेकडो खलाशांची कबर म्हणून ओळखली गेली. २०१६ मध्ये ७५ व्या स्मृतिदिनाच्या तयारीसाठी लोक पुन्हा गेले तर जहाजंच नाहीत. हजारो टनांची जहाजं, तळावर फक्त त्यांच्या आकाराचे खड्डे. भंगारवाल्यांनी कापून नेली. कोर्टेनेर या तिसऱ्या जहाजाचा पण मोठा भाग गायब. अक्षांश-रेखांश अगदी अचूक होते बरं का, अचूकता कॉलममध्ये आम्ही खुशाल "उत्तम" लिहिलं असतं.

आणि वर काढून छपराखाली ठेवलं म्हणजे सुटलो असंही नाही. इटलीत नेमी तलावाचं पाणी उपसून कॅलिग्युलाच्या काळातली दोन प्रचंड जहाजं बाहेर काढली होती, त्यांच्यासाठी खास म्युझियम बांधलं, १९४४ मध्ये युद्धात दोन्ही जळाली. लंडनच्या कटी सार्क या क्लिपरला २१ मे २००७ ला आग लागली तेव्हा दुरुस्तीसाठी डोलकाठ्या आणि बऱ्याच फळ्या आधीच काढून दुसरीकडे नेलेल्या होत्या म्हणून वाचलं.

त्यामुळे आजपासून यादीतला सगळ्यात महत्त्वाचा कॉलम हा: शेवटचं कोणी, कधी, कसं पाहिलं. म्हणजे पाणबुड्याने डोळ्यांनी, सोनारवर (ध्वनिलहरींनी तळ बघून), रिमोट कॅमेऱ्याने, की किनाऱ्यावरून फोटो. "सापडलं" हे वर्ष एका दिवसाची गोष्ट सांगतं, ते जहाज आज आहे की नाही हे नाही सांगत. यादी उघडली की डिफॉल्ट क्रम या कॉलमवर लागेल, सगळ्यात जुनं शेवटचं दर्शन सगळ्यात वर. डेटा सांभाळणारा मित्र म्हणाला, "अरे, लोकांना टायटॅनिक वर बघायचंय, तू अनोळखी सांगाडे वर आणतोयस." आणतोय.

२ मार्च

मोठा वाद झाला, दोन संध्याकाळी गेल्या त्यात. प्रश्न: बुडालेल्या जहाजांची नेमकी जागा खुल्या यादीत द्यायची का?

मित्राचं म्हणणं, खुली यादी म्हणजे खुली, नाहीतर नकाशा कशाला ठेवायचा. माझं म्हणणं, ज्यांनी शोधलं तेच लपवतात तर आपण कोण. ग्लॉस्टर हे १६८२ ला नॉरफोकच्या किनाऱ्याजवळ बुडालेलं युद्धजहाज, त्यावर पुढे राजा झालेला ड्यूक ऑफ यॉर्क होता, तो वाचला. अवशेष २००७ ला सापडले, २०१२ ला १६८१ साल कोरलेली घंटा मिळाल्यावर ओळख पक्की झाली, आणि जाहीर केलं २०२२ ला. इतकी वर्षं गप्प बसले कारण जागा कळली की लुटारू पोचलेच. मेरी रोझवाल्यांनी तर १९६८ साली कायदा नव्हता म्हणून समुद्राच्या तळाचा तो तुकडाच भाड्याने घेतला होता, बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा ब्रिटिश कायदा नंतर १९७३ ला आला.

"पण हौशी पाणबुडेच तर शोधतात की सगळं," हा मित्राचा मुद्दा मला मान्य आहे. अँटिकिथेराचं जहाज स्पंज काढणाऱ्यांना १९०० साली मिळालं, उलुबुरुनचं पण १९८२ मध्ये एका स्पंजवाल्याच्या सांगण्यावरून, त्याने तळाशी बघितलेल्या धातूच्या विचित्र लाद्यांचं वर्णन केलं होतं, ते कांस्ययुगातल्या तांब्याचे गट्टू निघाले, एकूण दहा टन. अशा लोकांना बाहेर ठेवून यादी कशी होणार.

शेवटी ठरलं ते असं. जे सरकारी चार्टवर किंवा कुठल्याही माहितीपत्रकात आधीच छापलेलं आहे ते पूर्ण द्यायचं. बाकीच्यांचा नकाशावर मोठा चौकोन, आत कुठेही असेल. ज्यांच्यात माणसं गेली आणि ज्यांच्यात धातू आहे त्यांना चौकोन पण अजून मोठा. शीटमधून जागा डाउनलोड केली तरी चौकोनाचा मध्यच येईल, खरा आकडा आमच्या प्रतीत पण ठेवायचा नाही, म्हणजे फुटायचा प्रश्नच नको.

९ मार्च

मूळ लाकूड किती टक्के उरलंय हा कॉलम घाला असा आग्रह दोघांनी केला. व्हासाचं जवळजवळ सगळं मूळ, कॉन्स्टिट्यूशनचं १०-१५ टक्के म्हणतात. घातला, पण शोभेपुरता. पाण्यावर ठेवलेल्या लाकडी जहाजाच्या फळ्या बदलाव्याच लागतात, त्याशिवाय तरंगणार नाही, आणि न बदलता कोरड्या गोदीत ठेवलं तर वेगळं दुखणं. नेल्सनचं व्हिक्टरी १९२२ पासून गोदीत आहे, पाण्याने चहूबाजूंनी उचलून धरायचं वजन आता मोजक्या आधारांवर आलं, सांगाडा खचायला लागला, म्हणून १३४ नवीन टेकू लावावे लागले. टक्केवारीच्या वादात मी पडणार नाही.

२१ मार्च

"माहिती कुठून मिळाली" या कॉलमवर आज बसलो. आधी त्यात फक्त संस्थांची नावं आणि सर्व्हे होते. आर्क्टिकमध्ये हरवलेल्या फ्रँकलिनच्या १८४५ च्या ब्रिटिश मोहिमेची दोन जहाजं भरताना ते अपुरं वाटायला लागलं. तिथले मूळ रहिवासी इन्युइट लोक पिढ्यान् पिढ्या सांगत होते की एक जहाज अमुक भागात बुडालं, डोलकाठी वर दिसायची, आत एक मेलेला माणूस होता. गोऱ्या लोकांनी ते लिहून घेतलं आणि बाजूला ठेवलं. २०१४ मध्ये एरेबस सापडलं ते त्यांनी सांगितलेल्या भागात, फक्त ११ मीटर पाण्यात. २०१६ मध्ये टेरर सापडलं ते सॅमी कॉगव्हिक या इन्युइट माणसाने बर्फातून वर आलेला खांब बघितल्याचं शोधमोहिमेच्या बोटीवर सांगितलं म्हणून, आणि ज्या उपसागरात सापडलं त्याचं नाव आधीपासूनच टेरर बे. तेव्हा "तोंडी साक्ष" हा स्वतंत्र प्रकार केला, तळटीप म्हणून नाही, सोनारच्या बरोबरीने.

दुसऱ्या टोकाला सॅटेलाइट. बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ गढूळ उथळ पाण्यात बुडालेल्या जहाजांभोवती भरती-ओहोटीने गाळ उडतो आणि त्याचे लांब पट्टे लँडसॅट ८ च्या फोटोंत दिसतात, २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. जहाज दिसत नाही, त्याची शेपूट दिसते. ते फोटो फुकट मिळतात, आणि शेवटच्या दर्शनाच्या कॉलमसाठी उथळ पाण्यातल्या नोंदी तरी घरबसल्या ताज्या करता येतील का ते बघायचंय.

४ एप्रिल

पहिली आवृत्ती टाकली. नोंदी ठरवल्यापेक्षा कमी, कारण शेवटचं दर्शन रिकामं असलेल्या सगळ्या मी बाहेर ठेवल्या, वेगळ्या शीटमध्ये, "खात्री हवी" नावाने. ते शीट मुख्य यादीपेक्षा मोठं झालंय.

पुढच्या महिन्यात किनाऱ्यावरचे सांगाडे आधी घ्यायचे, फॉकलंड, चिलीत सान ग्रेगोरियोला अँबॅसेडर हे १८६९ चं क्लिपर, अमेरिकेत पोटोमॅकवर मॅलोज बे, जिथे पहिल्या महायुद्धातल्या लाकडी आगबोटींचा ढीग आहे. यांना पाणबुड्या लागत नाही, बोट लागत नाही, तारीख असलेला एक फोटो पुरतो. प्रवाशांनी टाकलेले फोटो चाळायला माणसं हवीत. मित्राने मॅलोज बे घेतलंय, चिली मी.